सगळ्या तारा एकाच पट्टीवर

आमच्या घराचं अर्थिंग चांगलं होतं. हे आधीच सांगते, कारण विजेच्या कडकडाटात उपकरणं गेली की पहिला संशय अर्थिंगवरच जातो, आणि आमच्याकडेही तसंच झालं. अर्थिंग चांगलं असूनही इतकं नुकसान कसं झालं, हे शोधता शोधता घराच्या वायरिंगकडे बघायची माझी नजर बदलली. त्या शोधाची आणि त्यानंतर करून घेतलेल्या कामाची ही हकिगत.

वीज घरावर पडली नव्हती, कुंपणापलीकडच्या झाडावर पडली होती. दिवे क्षणभर लवले, बस. मेन स्विच जागच्या जागी, एकही एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा छोटा स्विच) पडलेला नाही. पाऊस ओसरल्यावर एकेक वस्तू चालू करून पाहिली तेव्हा कळलं की टीव्ही गेला, सेटटॉप बॉक्स गेला, राउटर गेला, राउटरला वायरने जोडलेल्या कॉम्प्युटरचं लॅन पोर्ट गेलं आणि बाहेरच्या कोपऱ्यावरचा कॅमेराही गेला. फ्रिज, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह, पंखे मात्र ठणठणीत.

ही यादी कागदावर मांडली आणि एक गोष्ट लख्ख दिसली. जे जे जळालं होतं, त्या प्रत्येकाला दोन बाजूंनी वायर येत होती: एक विजेची, दुसरी सिग्नलची. डिशची केबल, लॅनची केबल, इंटरनेटची लाइन. ज्यांना फक्त विजेचा प्लग होता ती उपकरणं वाचली होती. सर्ज, म्हणजे व्होल्टेजची क्षणिक उसळी, केवळ विजेच्या तारांतून आला असता तर फ्रिजचं आणि वॉशिंग मशीनचं कंट्रोल कार्ड त्यातून सुटायचं काही कारण नव्हतं.

राउटर उघडून पाहिला. लॅन पोर्टच्या मागे काळा चौकोनी ट्रान्सफॉर्मर असतो, नखाएवढा, त्याचं वरचं कवच मधोमध तडकलेलं होतं. त्याच्यापासून निघालेली बोर्डावरची तांब्याची रेघ जागेवर नव्हतीच. उरला होता तो फक्त तपकिरी डाग, आणि डागाच्या दोन्ही टोकांना तांब्याचे बारीक मणी. राउटरचा अ‍ॅडॉप्टर मात्र मीटरवर बरोबर 12 व्होल्ट दाखवत होता. म्हणजे घाव विजेच्या प्लगकडून सरळ आत गेला नव्हता. तो पोर्टातून आरपार गेला होता.

आमचे वायरमन काका आले. त्यांनी सगळं पाहिलं आणि म्हणाले, “ताई, अर्थिंग बसलं असणार. नवा खड्डा घेऊ, कोळसा-मीठ भरू, पाइप टाकू. चिंता मिटली.”

“आधी मोजू या का, काका?” मी विचारलं. त्यांच्या ओळखीच्या एका कंत्राटदाराकडे अर्थ टेस्टर होता, तो त्यांनी आणला. हे मोजमाप प्रत्येकाने एकदा तरी समोर उभं राहून पाहावं, फार काही शिकायला मिळतं. आधी मेन बंद करून अर्थ रॉडची तार सोडवायची. ती न सोडवता मोजलं तर घरातल्या बाकीच्या जोडण्याही आकड्यात मिसळतात. मग रॉडपासून सरळ रेषेत दोन खुंट्या ठोकायच्या. लांबची खुंटी करंट जमिनीत परत घेते, मधली व्होल्टेज मोजते. मधली खुंटी एकूण अंतराच्या साधारण 62 टक्क्यांवर ठेवायची, मग ती थोडी अलीकडे आणि थोडी पलीकडे सरकवून पुन्हा मोजायचं. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले तरच विश्वास ठेवायचा. वेगवेगळे आले तर लांबची खुंटी आणखी लांब न्यायची. आमचे आकडे जुळले: 3.2 ओहम. काकांनीही मान डोलावली. घराला याहून चांगलं अर्थिंग कशाला हवं?

आता हिशेब करून पाहा. विजेच्या पहिल्या तडाख्यातला शिखर करंट साधारणपणे 30 हजार अँपिअरच्या घरात असतो. क्वचित तो लाखाच्या पलीकडेही जातो. 30 हजार अँपिअर या 3.2 ओहममधून जमिनीत उतरले, तर रॉडचं टोक दूरच्या जमिनीच्या तुलनेत 96 हजार व्होल्टवर जातं. रॉड आणखी चांगला करून एक ओहमवर आणला तरी 30 हजार व्होल्ट उरतातच. म्हणजे “वीज गुपचूप जमिनीत जाईल आणि घर शून्यावर राहील” हे आपल्या मनातलं चित्र मुळातच खरं नाही. मोठा करंट जमिनीत उतरतो तेव्हा जमीन स्वतःच वर उचलली जाते, आणि तिला बांधलेलं घरही तिच्याबरोबर वर जातं.

मग अर्थिंगचा उपयोग काय? एक उपयोग रोजचा आहे: फ्रिजच्या किंवा गीझरच्या बॉडीत फेज उतरला तर तो करंट माणसाच्या अंगातून न जाता हिरव्या तारेने जावा आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडावा. दुसरा उपयोग विजेच्या वेळचा. घरातल्या सगळ्या तारांना, नळांना, बॉड्यांना मिळून एकच पातळी असावी. ती पातळी लाख व्होल्टवर गेली तरी उपकरणाला काही कळत नाही, कारण त्याच्या दोन टोकांमध्ये फरकच पडत नाही. जो दोन डगरींवर पाय ठेवून उभा असतो तोच पडतो, आणि आमचा टीव्ही नेमका तसा उभा होता.

हे कळल्यावर मी घराभोवती फिरून जमिनीत शिरणारी प्रत्येक तार शोधली. मुख्य रॉड मीटरच्या बाजूला. घराच्या बरोबर विरुद्ध अंगाला, जिथून डिशची केबल खाली उतरत होती, तिथे गवतात दुसरा छोटा रॉड होता. डिश बसवताना सोयीचं म्हणून तिथेच ठोकलेला, आणि केबलच्या आतली धातूची जाळी त्याला जोडलेली. मोजला तर 45 ओहम. दोन्ही रॉडमध्ये सुमारे 15 मीटर अंतर, आणि एकमेकांना जोडणारं मध्ये काहीही नाही. म्हणजे होतं, पण ते घराच्या आतून: डिशच्या केबलची जाळी, सेटटॉप बॉक्स, एचडीएमआय, टीव्ही, टीव्हीचा पॉवर सप्लाय, विजेची वायर, मेन बोर्ड, मुख्य रॉड. दोन अर्थिंगमधला पूल आमच्या टीव्हीने बांधला होता.

काकांचा प्रश्न रास्त होता. “वीज पडली झाडावर. इथल्या दोन रॉडांना तिचं काय?”

मी त्यांना कागदावर दाखवलं. जमिनीचा रोध 100 ओहम-मीटर धरा, हा ओलसर जमिनीचा साधा आकडा आहे. करंट 30 हजार अँपिअर. पडलेल्या जागेपासून करंट सगळीकडे सारखा पसरत जातो असं मानलं तर 40 मीटरवरची जमीन सुमारे 12 हजार व्होल्टवर जाते आणि 55 मीटरवरची सुमारे 8,700 वर. एक रॉड 40 वर, दुसरा 55 वर. दोघांत सव्वातीन हजार व्होल्टचा फरक, आणि तो फरक पेलणार कोण, तर मधली उपकरणं. राउटरच्या लॅन पोर्टमधला तो नखाएवढा ट्रान्सफॉर्मर 1500 व्होल्ट सोसेल असा बनवतात. टीव्ही, फ्रिज यांसारख्या घरगुती उपकरणांकडून अडीच हजार व्होल्टपर्यंतचा क्षणिक झटका सोसण्याची अपेक्षा असते. सव्वातीन हजारांपुढे दोघांचाही टिकाव लागत नाही. टीव्हीच्या प्लगला तर अर्थची पिनही नव्हती, दोन पिनांचाच प्लग होता. मग सर्जने पॉवर सप्लायचं इन्सुलेशन फोडून न्यूट्रल गाठला. खऱ्या जमिनीत थर असतात, ओल कमीजास्त असते, आकडे बदलतील. पण गोष्ट हीच राहते.

काकांनी कागद घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, “म्हणजे खड्डा नकोच.”

खड्डा नको होता. हवी होती ती एक पट्टी आणि तिच्याशी आणून बांधलेली प्रत्येक तार.

मेन बोर्डाच्या खाली भिंतीवर तांब्याची जाड पट्टी बसवली, भोकं पाडलेली, दोन इन्सुलेटरवर उचललेली. मुख्य रॉडची तार या पट्टीवर आणली. मेन बोर्डाची अर्थ बार पट्टीवर. नळाचा लोखंडी पाइप जिथे घरात शिरतो तिथे क्लॅम्प लावून त्याची तार पट्टीवर. प्रत्येक तारेच्या टोकाला लग, म्हणजे बोल्टसाठी भोक असलेलं धातूचं टोपण, दाबून बसवला, एका बोल्टखाली एकच लग, आणि प्रत्येकावर चिठ्ठी. चिठ्ठ्यांचा आग्रह माझा होता. आणखी काही वर्षांनी कुणीतरी नवा माणूस हे उघडेल, तेव्हा कोणती तार कशाची हे त्याला विचारावं लागू नये.

डिशच्या केबलचं काय करायचं यावर आमची बरीच चर्चा झाली. सोपा उपाय म्हणजे दोन रॉड जमिनीखालून जोडून टाकायचे. ते आम्ही केलंच: घराच्या कडेने फूटभराहून जास्त खोल चर खणून उघडी पट्टी पुरली. उघडी पट्टी पुरली की ती स्वतःही जमिनीला भिडते. सगळं जोडून झाल्यावर आकडा 3.2 वरून 2.1 ओहमवर आला, वेगळा खड्डा न घेता. पण एवढ्याने भागत नाही. सरळ तारेलाही दर मीटरमागे साधारण एक मायक्रोहेन्रीचं इंडक्टन्स, म्हणजे करंटच्या झटपट बदलाला होणारा विरोध, असतं. घरातल्या रोजच्या विजेला ते जाणवतही नाही. सर्जचा करंट मायक्रोसेकंदांत चढतो, त्यामुळे 15 मीटरच्या पट्टीच्या दोन टोकांत त्या क्षणापुरता हजारो व्होल्टचा फरक राहू शकतो. म्हणून खरा उपाय होता केबलच फिरवून आणणं. ती आता डिशपासून गच्चीच्या कठड्याने मीटरच्या बाजूला येते, तिथेच खाली उतरते, आणि घरात शिरण्याआधी पट्टीशेजारच्या अर्थिंग ब्लॉकमधून जाते. ब्लॉक म्हणजे केबलची जाळी पट्टीला बांधणारा धातूचा छोटा ठोकळा. विजेची वायर, डिशची केबल, इंटरनेटची लाइन, सगळं आता एकाच भिंतीतून, एकमेकांच्या हाताच्या अंतरावर आत येतं. या कामात केबल जास्त गेली, भिंतीला नवी भोकं पडली, आतली वायर फिरवावी लागली. तरीही कुणी मला “एकच गोष्ट करता येईल तर कोणती करू” असं विचारलं, तर मी हीच सांगेन.

मिठाबद्दल थोडं. चर बुजवताना काकांनी सवयीने मिठाचं पोतं मागवलं होतं. मिठाने रोध खाली येतो हे खरं आहे. पण पावसाबरोबर ते वाहून जातं, आणि राहतं तेवढा वेळ लोखंडाला खातं. आमचा डिशकडचा छोटा रॉड उपटला तेव्हा जमिनीलगतचा भाग निम्म्याने बारीक झालेला होता, तोही मीठ नसताना. आम्ही मीठ बाजूला ठेवून बेंटोनाइट वापरलं. ही माती पाणी धरून फुगते, रॉडला चिकटून राहते आणि धातूला त्रास देत नाही. त्या बाजूला नवा तांब्याचा मुलामा असलेला रॉड ठोकला. तांबं आणि जस्ताचं लोखंड थेट एकमेकांना बांधलं की ओलीत जस्त लवकर जातं, म्हणून सांध्याला त्यासाठीचा क्लॅम्प वापरला, आणि तो सांधा मातीत न गाडता झाकणाच्या छोट्या चेंबरमध्ये ठेवला, हात घालून बघता येईल असा.

अर्थिंग झालं, आता एसपीडी, म्हणजे सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस. जमिनीखालची नळी, केबलची जाळी पट्टीला थेट बांधता येते. फेज आणि न्यूट्रल कसे बांधणार? एसपीडी म्हणजे तीच गाठ, पण एरवी सुटी आणि सर्ज आला की तेवढ्या क्षणापुरती बसणारी. त्याच्या आत बहुधा झिंक ऑक्साइडची चकती असते, व्हॅरिस्टर. नेहमीच्या व्होल्टेजला ती जवळजवळ काहीच वाहू देत नाही. व्होल्टेज एका मर्यादेपलीकडे गेलं की नॅनोसेकंदांत वाट मोकळी करते. एमसीबी याच्या जागी चालत नाही, कारण त्याला तुटायला काही मिलिसेकंद लागतात आणि तोवर विजेचा सर्ज येऊन गेलेला असतो. त्या रात्री आमचा एकही एमसीबी पडला नाही याचं नवल वाटायला नको.

एसपीडीच्या अंगावरचे आकडे वाचता आले पाहिजेत. टाइप 1 हा विजेचा थेट वाटा झेलण्यासाठी. त्याची चाचणी 10/350 मायक्रोसेकंदांच्या (पहिला आकडा चढण्याचा, दुसरा निम्म्यावर उतरण्याचा) लांबलचक लाटेवर होते. इमारतीवर तडित्वाहक (वीज झेलून जमिनीत नेणारी दांडी) असेल, किंवा वीज खांबांवरच्या उघड्या तारांनी येत असेल, तर मुख्य प्रवेशापाशी तो हवा. टाइप 2 ची चाचणी 8/20 च्या आखूड लाटेवर, तो डीबीमध्ये, म्हणजे घरातल्या वितरण बोर्डात, बसतो. टाइप 3 उपकरणाजवळ. आम्ही टाइप 1 आणि 2 एकत्र असलेला घेतला. त्यावर चार आकडे मी शोधत होते. Uc, म्हणजे सतत सोसायचं व्होल्टेज: 275 ऐवजी 320 चा घेतला, कारण आमच्या लाइनचं व्होल्टेज रात्री बरंच चढतं आणि चकती उगाच तापत राहायला नको. In, म्हणजे आखूड लाटेचा पुन्हा पुन्हा झेलता येणारा करंट: 20 किलोअँपिअर. Iimp, म्हणजे त्या लांब लाटेचा आकडा, जो नुसत्या टाइप 2 वर नसतोच. आणि Up, म्हणजे सर्ज येऊन गेला तरी उपकरणांपर्यंत पोचणारं व्होल्टेज: 1.5 किलोव्होल्ट. बहुतेक जण किलोअँपिअरचा मोठा आकडा बघून घेतात. मला Up जास्त महत्त्वाचा वाटतो. तो अडीच हजारांच्या बराच खाली हवा.

आणि तो खाली ठेवणं वायरमनच्या हातात असतं. काकांच्या मदतनिसाने एसपीडी बसवला तेव्हा काम देखणं झालं होतं: वायर बोर्डाच्या कडेकडेने फिरवलेल्या, काटकोनात वळवलेल्या, पट्ट्यांनी घट्ट बांधलेल्या. मी टेप लावली. फेजकडून एसपीडीपर्यंत आणि एसपीडीपासून अर्थ बारपर्यंत मिळून एक मीटरच्या वर. पुन्हा तोच हिशेब: मीटरला एक मायक्रोहेन्री, 10 हजार अँपिअर 8 मायक्रोसेकंदांत चढले तर दर मीटरला साडेबाराशे व्होल्ट. एसपीडीचे 1500 आणि वायरचे 1250, बेरीज पावणेतीन हजार. म्हणजे चांगला एसपीडी घेऊनही उपकरणाच्या वाट्याला मर्यादेपेक्षा जास्तच आलं असतं. दोन्ही वायर मिळून अर्ध्या मीटरच्या आत ठेवाव्यात असा नियम आहे, आणि तो कागदी नियम नाही हे तेव्हा दोघांनाही पटलं. एसपीडी उचलून मेन स्विचला लागून, अर्थ बारच्या बरोबर वर बसवला. फेजची वायर आधी एसपीडीच्या टर्मिनलवर आणि तिथूनच पुढे नेली, म्हणजे त्या बाजूची लांबी जवळपास उरलीच नाही. अर्थकडची तार 16 चौरस मिलिमीटरची, सरळ आणि वीतभर. बोर्ड आता आधीइतका नीटस दिसत नाही, पण तो असाच बरोबर आहे.

एसपीडी आरसीसीबीच्या आधी बसवला, म्हणजे सर्जचा करंट आरसीसीबीतून जात नाही. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये व्हॅरिस्टरऐवजी गॅस ट्यूबचा कप्पा असलेला प्रकार घेतला, कारण आमच्याकडे अर्थ हा घराच्या स्वतःच्या रॉडचा आहे आणि व्हॅरिस्टर निकामी होऊन फेज अर्थ पट्टीवर उतरण्याचा धोका मला नको होता. तुमच्याकडची पुरवठ्याची पद्धत वेगळी असेल तर जोडणीही वेगळी असेल. हे काम मेन स्विचच्या आसपासचं आहे, परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावं.

यानंतर मी प्रत्येक सॉकेट तपासायचा हट्ट धरला, आणि त्याचं चीज झालं. टीव्हीच्या खोलीतलं एक सॉकेट उघडलं तर हिरवी वायर बॉक्समध्ये होती, पण तिचं टोक कापून मागे दुमडून ठेवलेलं. बाहेरून तीन भोकांचं सॉकेट, आत अर्थ नाहीच. अशा सॉकेटमध्ये सर्जवाला एक्स्टेन्शन बोर्ड लावला तर त्याच्या आतल्या चकतीला अर्थकडे जायला रस्ताच नसतो. दिवा मात्र हिरवा लागलेला दिसतो. कुठे कुठे अर्थ नसेल तर सॉकेटमध्ये न्यूट्रलवरून अर्थच्या पिनेला तुकडा मारून देतात. असं कुणी सुचवलं तर ठाम नाही म्हणा. न्यूट्रल कुठे तुटला तर उपकरणाची धातूची बॉडीच फेजवर येते.

मेन बोर्डापासून टीव्ही आणि राउटरची जागा 10 मीटरहून लांब आहे. इतक्या अंतरात सर्जची लाट वायरमध्ये आपटून पुन्हा वाढू शकते, म्हणून तिथे टाइप 3 चा बोर्ड लावला, ज्यातून विजेबरोबरच लॅनची वायर आणि डिशची केबलही जाते. कारण तेच: त्या उपकरणाच्या सगळ्या तारा एका गाठीवर याव्यात. विजेचा बोर्ड एका कंपनीचा आणि लॅनचा रक्षक भिंतीवर दुसरीकडे कुठेतरी, असं केलं की पुन्हा दोन डगरी तयार होतात. इंटरनेटची लाइन पुढे फायबरची झाली. काचेतून वीज जात नाही हे खरं, पण आमच्या फायबरच्या केबलीत आधारासाठी पोलादी तार होती. ती बाहेरच्या भिंतीवर सोलून तोडून घेतली, आत फक्त काच आली. कोपऱ्यावरचा कॅमेरा वायफायचा केला आणि त्याची लांब लॅन वायर काढूनच टाकली.

घरावर तडित्वाहक लावावा का, असं मला पुष्कळांनी विचारलं. बेंजामिन फ्रँकलिनने 1750 च्या दशकात सुचवलेली ही दांडी आजही इमारतीला आगीपासून आणि भिंती फुटण्यापासून वाचवते. पण आतल्या टीव्हीला ती एकटी वाचवत नाही. उलट तिच्यातून मोठा करंट उतरताना आतल्या तारांत सर्ज उठतो. विजेपासूनच्या संरक्षणाच्या आयईसी 62305 या मानकाचे चार भाग आहेत, आणि इमारतीच्या आतल्या विद्युत व इलेक्ट्रॉनिक यंत्रणेसाठी चौथा भाग मुद्दाम वेगळा आहे. आमचं घर उंच झाडांच्या मध्ये आणि त्यांच्याहून बुटकं असल्याने आम्ही दांडी घेतली नाही. ती घेतली तर तिचा रॉडही त्याच पट्टीला जोडावा लागतो, वेगळा ठेवून चालत नाही.

काम झाल्यानंतरच्या मोसमात विजा पुष्कळ झाल्या, काही बऱ्याच जवळ. मोसम संपता संपता एसपीडीच्या एका कप्प्याची हिरवी खिडकी लाल झाली. चकत्या दर सर्जबरोबर थोड्या थोड्या थकतात, आणि खूप तापल्या की आतला सांधा वितळून त्या स्वतःला लाइनपासून तोडतात. कप्पा ओढून काढला, नवा बसवला, वायरला हात लावायची गरज पडली नाही. उपकरणं सगळी चालू आहेत. हे केवळ एसपीडीमुळे असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण तो लाल झाला म्हणजे त्याने काहीतरी झेललं. कोरड्या दिवसांत अर्थिंग पुन्हा मोजलं तेव्हा 2.1 चे 3.4 ओहम झाले होते. जमीन सुकली की असं होतंच. मोजायचं ते कोरड्या दिवसांतच, म्हणजे वाईटात वाईट आकडा कळतो.

घरावर थेट वीज पडली तर यातलं किती टिकेल याची हमी कुणी देऊ नये. म्हणून ढग जमताना दिसले की टीव्ही आणि कॉम्प्युटरचे प्लग आम्ही अजूनही काढतो, आणि प्लगबरोबर केबलही. नुसता स्विच बंद करून भागत नाही, स्विचच्या दोन पत्र्यांमधली फट सर्जला पुरेशी नसते. मात्र चमकणं आणि गडगडणं यांत 30 सेकंदांहून कमी अंतर आलं, म्हणजे वीज 10 किलोमीटरच्या आत पोचली, की मग कशालाही हात लावायचा नाही. तेव्हा जळणार असेल ते जळू दे.

आता गच्चीवर सोलर पॅनेल यायचे आहेत. त्यांच्या चौकटी पट्टीला जोडायच्या, डीसी बाजूला वेगळा एसपीडी लावायचा, आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्ह वायर एकमेकींना लागून आणायच्या, म्हणजे दोघींच्या मधल्या मोकळ्या जागेत सर्ज कमी उठतो. पॅनेलवाल्यांनी इन्व्हर्टरसाठी जिन्याखालची जागा आखून दिली आहे. ती सोयीची आहे, पण तिथून पट्टी 14 मीटर लांब पडते. मी त्यांना मेन बोर्डाशेजारची भिंत दाखवली आहे, आणि तिथला जुना शेल्फ काकांनी कालच काढून नेला.